एका घरचं रक्त

"हात घट्ट धरा हं बाळाचा. हलला तर परत टोचावं लागेल."

"धरलाय, ताई. तुमी करा तुमचं."

बाईने बाळ कुंचीत गुंडाळून छातीशी आवळलं होतं. जुन्या इरकली लुगड्याची कुंची, कडेला हिरवा काठ. त्यातून एक हात तेवढा बाहेर आला होता. मी दंडाला रबर बांधलं, कोपराच्या खळीत बोट फिरवलं आणि शीर लगेच सापडली. सुई आत जाताच बाळाने अशी किंकाळी फोडली की पलीकडच्या वॉर्डातली पोरंही सुरात सूर मिसळून रडायला लागली. नळीत रक्त पुरेसं आलं. कापसाचा बोळा दाबून मी वर निळी चिकटपट्टी लावली. ती आमच्या लॅबमधली. वॉर्डात पांढरी असायची.

"झालं?"

"झालं."

"आता परत न्हाई ना टोचायचं?"

"नाही टोचणार."

बाई पाठमोरी झाली आणि बाळाला घेऊन लगबगीने निघून गेली. कामं एवढी साचली होती की कुंचीच्या आत डोकावून बघावं, हेही मला सुचलं नाही.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं लोटली. तेव्हा मी जिल्ह्याच्या एका मेडिकल कॉलेजात, संशोधनाच्या लॅबमध्ये होते. लॅब म्हणजे शवागाराच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. निवृत्तीला टेकलेले डॉ. उपासनी सर आणि मी, एवढाच संसार. सर म्हणायचे, "हेमलता, खाली मेलेले आणि वर मरायला टेकलेले. मधे फक्त एक स्लॅब." माझं वय तसं म्हणवून घेण्याचं नव्हतं, पण अंगात शीण त्याच वयाचा होता. घरी अंथरुणाला खिळलेले वडील होते, आणि इथे दिवसभर थेंब मोजायचं काम. थेंब मोजून माणूस किती दमतं, ते मोजणाऱ्यालाच ठाऊक.

आमचं काम समजायला सोपं होतं, करायला अवघड. आपल्या रक्तात राखणीला बसलेल्या काही पेशी असतात. रोगाचा जंतू घरात शिरला की त्याच्या अंगावरची चिंधी फाडून घ्यायची आणि हात उंच करून बाकीच्यांना दाखवायची: बघा रे, हा आलाय. ती चिंधी धरणारा हात म्हणजे एक प्रथिन. एचएलए-डीआर त्याचं नाव. आम्ही नुसतं डीआर म्हणायचो. आणि पेशीच्या अंगावर तो हात आहे की नाही, हे शोधणारी अँटीबॉडी आमच्या फ्रिजमध्ये होती. बोटाच्या पेराएवढी कुपी. काळोखात ठेवायची, बर्फावर काढायची. अँटीबॉडीला चमकणारा रंग जोडलेला असायचा. रक्तात सोडली की ती फक्त त्या हाताला जाऊन बिलगायची. मग यंत्रातून पेशी एकेक करून लेझरसमोरून जायच्या, आणि जिला हात असेल ती उजळायची. कुपीवर छापलेलं होतं: फक्त संशोधनासाठी, निदानासाठी नव्हे. नवी कुपी परदेशातून बर्फात बसून निघाली होती आणि वाटेत कुठेतरी अडकून पडली होती. जुनीच्या तळाशी जे उरलं होतं, ते कसंबसं तीन नळ्यांपुरतं.

त्या दिवशी सकाळी बालरोग विभागाच्या डॉ. अफरोज मुजावर जिना चढून वर आल्या होत्या. दारातच धापा टाकत म्हणाल्या, "सर, एक पोरगं आहे. जतच्या पलीकडचं. अंगावर मांस म्हणून नाही. न्यूमोनिया हटला की जुलाब, जुलाब थांबले की तोंडभर पांढरं. आधीची दोन भावंडं अशीच गेली. आईबाप आते-मामे भावंडं. मला डीआरच नसल्याची शंका येते."

"कुपीवर काय लिहिलंय वाचलंत ना, मुजावर? निदानासाठी नव्हे."

"मग मी निदान म्हणत नाही. शंकानिरसन म्हणते."

सर हसले. "हेमलता, दे यांना एक नळी. आणि कंट्रोल तू. तुला सवय आहे."

कंट्रोल म्हणजे शेजारी ठेवायचं निरोगी माणसाचं रक्त. जो तपासणी लावतो त्याने स्वतःचंच काढून ठेवायचं, असा आमच्याकडचा रिवाज. कारण नळी काळी निघाली तर कसं ओळखायचं, की पोराच्या पेशींना हात नाहीत की आपली अँटीबॉडीच मेली? अंधारावर विश्वास ठेवायचा तर शेजारी एक दिवा पेटलेला दिसावा लागतो.

"हात असले तर?" मी विचारलं होतं.

"तर औषधं देऊन घरी सोडते. खाटा नाहीत माझ्याकडे," मुजावर मॅडम म्हणाल्या. "आणि नसले, आणि तरीही मी घरी सोडलं, तर पुढचा पहिला ताप त्याचा शेवटचा. नसले तर त्याला वेगळं ठेवायचं, जपायचं, आणि दुसऱ्या कुणाची अस्थिमज्जा मिळते का बघायची. दुसरा इलाज नाही."

म्हणून मी वॉर्डात गेले होते. रक्त घेऊन आले, माझ्याही दंडातून काढलं, दोन्ही नळ्यांत अँटीबॉडी घातली, अंधारात ठेवलं, धुतलं आणि यंत्राला लावलं. पडद्यावर ठिपके उमटायला लागले. आधी माझे. दाट थवा, उजवीकडे, उजळ. मग बाळाचे.

तेही उजवीकडे. माझ्याहून दाट, माझ्याहून उजळ. दिवाळीच्या पणत्या मांडाव्यात तसे.

मला रडूच फुटलं. आनंदाचं म्हणावं तर तसंही नाही. खूप दिवसांनी काहीतरी चांगलं सांगायला मिळणार होतं, त्याचं ते रडू.

मुजावर मॅडम व्हरांड्यातच भेटल्या. "उजळला, मॅडम! चांगला लखलखीत."

त्या थबकल्या. चष्मा काढून पुसला. "खरं? मग मी चुकले." तो परत लावत म्हणाल्या, "चुकले ते बरंच झालं. उद्या सोडते. जा, तूच सांग त्यांना. मी सांगते तेव्हा कधी चांगलं नसतं, माझं तोंड दिसलं की ती माणसं आधीच डोळ्याला पदर लावतात."

वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर पोरसवदा बाई बसली होती. गळ्यात काळी पोत, डोळ्यांखाली काळं. तिच्या मांडीवर एक बाळ पडलेलं. पडलेलं म्हणजे खरंच पडलेलं, वाळत घातलेला कपडा खाली पडावा तसं. डोकं तेवढं मोठं, पाय काटक्यांसारखे.

"दगडूची आई ना तुम्ही?"

"व्हय. मी अंजिरा." तिने बाळाकडे बोट दाखवलं. "ह्यो दगडू. आधीची दोन ग्येली म्हनून असलं नाव ठेवलंय, कुनाच्या डोळ्यात भरू नये म्हनून."

मी वाकले. दगडूचे दोन्ही हात उघडे होते. कोपरात, मनगटावर, तळहाताच्या मागे, सगळीकडे सुयांच्या खुणा. काही काळ्या, काही निळ्या, काही पिवळ्या पडत चाललेल्या. माझी निळी पट्टी कुठेच नव्हती.

खाटेखाली गोधडीवर दुसरं एक बाळ बसलं होतं. गुबगुबीत, तोंडातून लाळ गाळत. त्याच्या कोपराला निळी चिकटपट्टी होती आणि ती दातांनी उपसायचा त्याचा जोराचा उद्योग चालला होता.

"आन् ही माझी थोरली भैन, शेवंता," अंजिरा सांगत होती. "जाऊ बी हीच. आमा दोघींना आत्याच्याच घरात दिलीया, दोघा भावास्नी. माझं दूध आटलं, तर दगडूला बी हीच पाजती. ही हाय म्हनून तर..."

गोधडीपाशी बसलेली ती सकाळचीच बाई. तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं, मी तिच्या. मग ती उठली, कोपऱ्यातली कळशी उचलली आणि म्हणाली, "ताई, चला भाईर. मला पानी आनायचं हाय."

व्हरांड्याच्या टोकाला सिमेंटची टाकी होती. नळ सोडून तिने कळशी खाली धरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बोला. काय बोलायचं ते बोला."

"तुम्ही तुमच्या बाळाचं रक्त दिलंत."

"दिलं."

"का?"

"दगडूच्या अंगावर सुई टोचायला जागा दाखवा, मंग मला इचारा." नळाचं पाणी कळशीत घुमत होतं. "आन् दुसऱ्याचं कुनाचं दिलं का? आमी भैनी-भैनी, तिकडं ते भाव-भाव. दूध माझं पितोय. एका घरचं रक्त हाय. माझ्या पोराचं ते त्याचं."

"तसं नसतं हो ते. तुम्हाला कळतंय का काय झालंय? रक्त चांगलं आलंय, उद्या त्याला घरी सोडणार आहेत."

"चांगलं आलंय?" तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "कागदावर लिवून देनार तसं? रक्तात खोट न्हाई म्हनून?"

तिच्या आवाजात एवढी आशा होती की मी चरकले. पोराला घरी सोडणार, हे तिने ऐकूनही घेतलं नव्हतं.

"शेवंताबाई, तुम्हाला कागद कशाला हवाय?"

कळशी भरून वाहायला लागली तरी तिने नळ बंद केला नाही. मीच केला.

"मागल्या डागदरानं सांगितलं, पोराच्या रक्तात कायतरी कमी असंल. घरी जाऊन आत्याला सांगितलं तर आत्या म्हनली, तीन पोरं नासली म्हंजी कूसच नासकी. ह्या येळंला बी रक्तात खोट निघाली तर हिला परत म्हायेरी भावाकडं धाडते आन् सिदूला दुसरी करते. सख्खी आत्या आमची! सांगोल्याकडची पोरगी बघून बी ठिवलीय." तिने पदराने तोंड पुसलं. "सिदू म्हंजी अंजिराचा नवरा. बोअरच्या गाडीवर असतोय. तो आईम्होरं तोंड उघडत न्हाई. ताई, पोरगं जानारच हाय. दोन ग्येली तसंच. मी पाजतीया, मला कळतंय, दिसंदिस त्याची वडच कमी व्हतीया. पोरगं जाऊ दे. भैन तरी ऱ्हाऊ दे माझी माझ्याजवळ."

टाकीवर एक कावळा येऊन बसला आणि उडून गेला. पुस्तकात जे होतं तेच मी मग बोलले, जमेल तितकं सोपं करून.

"खोट आईची एकटीची नसते. निम्मी आईकडून येते, निम्मी बापाकडून. दोन निम्म्या एकत्र आल्या तरच पोराला होतं. नात्यात लग्न झालं की दोघांकडे तीच निम्मी असायचा संभव जास्त. तुमच्या नवऱ्याकडेही असेल, तुमच्याकडेही असेल."

"माझ्याकडं?"

"असेल. सांगता येत नाही."

"म्हंजी माझ्या बी पोराला झालं असतं?"

"होऊ शकलं असतं."

ती टाकीच्या कट्ट्यावर टेकली. "हे आत्याला कोन सांगनार? तुमी सांगाल आन् जाल. आमी तिथंच ऱ्हानार."

"ते मला माहीत नाही," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं. "पण दगडूसाठी एक वाट आहे. अवघड आहे, लांबची आहे, पण आहे. खोट्या रक्तावर घरी नेलंत तर तीही बंद."

तेवढ्यात आतून दगडूचं रडणं आलं. सकाळच्या बाळासारखं नाही. मांजराच्या पिल्लाने पोत्यात म्यांव करावं तसं, तेही मधेच तुटणारं. शेवंताच्या चोळीवर ओल उमटली आणि पसरत गेली. तिने झटकन पदर ओढून घेतला, पण ते दूध काही तिचं ऐकणारं नव्हतं. त्याने आपलं बाळ ओळखलं होतं.

"घ्या," ती म्हणाली. "पर धरनार मीच. अंजिराला भाईर बसवा. तिला बघवत न्हाई."

मी वर जाऊन सरांना सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. पण ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"किती उरलंय कुपीत?"

"एकच नळी होईल, सर. कंट्रोल लावता येणार नाही."

"कंट्रोल झालाय की तुझा." ते वळले. "त्याच घरचं, त्याच वयाचं, तेच दूध पिणारं निरोगी पोरगं. सकाळी याच कुपीने उजळलंय. असा कंट्रोल मी जन्मभर शोधला असता तरी मिळाला नसता मला. जा, घेऊन ये."

शेवंताने दगडूला मांडीवर घेतलं. सुईला जागा मिळेना. शेवटी टाळूच्या बाजूला एक बारीकशी शीर दिसली. मी टोचलं तेव्हा तो रडलाच नाही, नुसतं तोंड उघडलं. शेवंता त्याच्या कानाशी वाकून गुणगुणत होती. जात्यावरचा सूर, पण ओवी तिची तिनेच जुळवलेली असावी:

भैनीचं गं लेकरू, माझ्या मांडीचं पाखरू,
दोघी आमी एक झाड, ऊन कुठवर आवरू.

थेंब थेंब करत तळ झाकेल एवढं रक्त जमलं.

शेवटची अँटीबॉडी त्या नळीत घातली तेव्हा सरांनी नळी धरली. यंत्र सुरू झालं. पेशी होत्या. दुसऱ्या एका कुपीतल्या, वेगळ्या रंगाच्या अँटीबॉडीने त्या नीट मोजून दाखवल्या, राखणदार सगळे आपापल्या जागी हजर होते. फक्त उजव्या बाजूला, जिथे सकाळी पणत्या लागल्या होत्या, तिथे काही नव्हतं. पडदा काळा. आम्ही दोघं वाट बघत बसलो, जणू थोडं थांबलं तर कुणीतरी उशिरा का होईना, हात वर करील.

"दिव्याची घरं आहेत," सर हळूच म्हणाले, "दिवे नाहीत."

मुजावर मॅडमनी संध्याकाळी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. दगडूचा बाप, सिदू, कामावरून थेट आला होता. पायांना बोअरची पांढरी माती, हातात टोपी. अंजिरा भिंतीला चिकटून उभी. मॅडमनी सगळं सांगितलं. वेगळं ठेवायचं, पाणी उकळून द्यायचं, दक्षिणेत एक मोठं रुग्णालय आहे तिथे दाखवायला न्यायचं. सिदू मान खाली घालून ऐकत होता.

"मंग खोट कुनाची म्हनायची?" शेवटी त्याने विचारलं.

"दोघांची," मॅडम म्हणाल्या. "निम्मी-निम्मी."

"निम्मी माझी?"

"हो."

"ती मशीनवर दिसती का?" हा प्रश्न मला होता.

"नाही," मी म्हणाले. "तुमचं रक्त लावलं तर उजळेलच. अंजिराचंही उजळेल. निम्मी खोट दिसत नाही त्यात."

त्याने मान हलवली. समजलं म्हणून, की नाही समजलं म्हणून, कळलं नाही. टोपी डोक्यावर घातली आणि तो बाहेर गेला. अंजिरा त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

दगडू वाचला का, असं ही गोष्ट ऐकणारे सगळे विचारतात. नाही वाचला. दक्षिणेतल्या रुग्णालयात त्याला जुळणारी मज्जा सापडेपर्यंत तो थांबला नाही. पण आधीच्या दोघांपेक्षा खूप दिवस राहिला. बसायला लागला, रांगला, बापाला 'आबा' म्हणाला. मुजावर मॅडमनी मला हे सांगितलं तेव्हा त्या पुन्हा चष्मा पुसत होत्या. मला वाटायचं, त्या 'आबा'पुरती तरी आमची शेवटची नळी सार्थकी लागली.

पण मला आठवत राहते ती ती संध्याकाळच.

रुग्णालयाच्या फाटकाशी टेलिफोनचं बूथ होतं. काचेची खोली, वर पिवळी पाटी. शेजारी चहाचा गाडा. शेवंता थर्मास घेऊन गरम पाण्यासाठी आली होती, मी घरी निघाले होते. दोघी एकमेकींना चुकवतच उभ्या होतो. इतक्यात काचेच्या आत सिदू दिसला. पलीकडून ऐकू येत नसावं, कारण तो शेतातून हाक मारावी तसा ओरडत होता, आणि काच कसली, त्याचा शब्द न् शब्द रस्त्यावर पडत होता.

"आये! सिदू बोलतोय, सिदू! ... हाय, पोरगं हाय. रिपोट आला. ... व्हय, खोट निघाली. ... माझ्यात! माझ्यात म्हंतोय म्या! ... अगं न्हाई, तिच्यात काय सुदीक न्हाई. तिचं रक्त मशीनवर बघितलं की म्या ह्या डोळ्यांनी. दिव्यागत हाय, लखलखीत! ... खोट माझी, सगळी माझी. दुसरी केलीस तर तिला बी असंच व्हनार, तिसरी केलीस तर तिला बी. ... त्या सांगोल्याच्या पावन्यास्नी कळीव, येऊ नका म्हनावं. ... आये, रडू नगंस. तुझ्या लेकात खोट हाय, त्याला तू काय करशील?"

गाड्यावरचा स्टोव्ह फरफरत होता. शेवंताच्या हातातला थर्मास तिरका झाला होता आणि गरम पाणी तिच्या पायाशी सांडत होतं, तिला भान नव्हतं. अंजिराचं रक्त आम्ही तपासलंच नव्हतं. कुपीत थेंब उरला नव्हता.

सिदू बाहेर आला. कानशील लाल झालेलं. आम्ही ऐकलं हे त्याला कळलं, आणि आम्हाला खरं काय ते ठाऊक आहे, हेही. त्याने नजर खाली वळवली.

"वैनी," तो म्हणाला, "अंजिरा सकाळधरनं जेवली का?"

"न्हाई."

"मंग द्या तो थर्मास हिकडं," तो म्हणाला. "दगडूला मी घिऊन बसतो. तुमी दोघी भैनी जेवून घ्या."